उत्तनची कोळंबी आणि लुइझियानाचं मत

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षापुढच्या आव्हानांची चर्चा आपल्याकडे दोन कप्प्यांत होते. महागाई, स्थलांतरितांचा प्रश्न, आरोग्यविमा हे घरचे विषय. चीन, रशिया, पश्चिम आशिया हे बाहेरचे. दूरचित्रवाणीवरचे तज्ज्ञही याच कप्प्यांप्रमाणे बोलावले जातात. पण ही विभागणी खरी नाही. व्हाइट हाउसमधून जगासाठी निघणाऱ्या बहुतेक आर्थिक हुकमांचं मूळ तिथल्या एखाद्या राज्यात, एखाद्या बंदरात किंवा मतदारसंघात सापडतं. हे पाहायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. मीरा-भाईंदर महापालिकेच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, चौक ही कोळीवाड्यांची किनारपट्टी आहे. तिथल्या जाळ्यात येणाऱ्या कोळंबीचा भाव आणि अमेरिकेचं अंतर्गत राजकारण यांच्यात एक धागा आहे. तो उलगडला की अमेरिकी अध्यक्षपदाचं खरं दुखणं समजतं.

या धाग्याचं पहिलं टोक मेक्सिकोच्या आखातात आहे. कोळंबीसाठी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात समुद्री कासवं अडकतात, श्वास घ्यायला वर येऊ शकत नाहीत आणि बुडून मरतात. त्यावर तिथल्या तंत्रज्ञांनी उपाय काढला, ‘टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस’, म्हणजेच ‘टेड’. जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवलेली गजांची चौकट असते; दोन गजांत जेमतेम चार इंचांची फट. कोळंबी त्या फटीतून मागच्या पिशवीत जाते. कासव मात्र गजांवर आपटून घसरतं आणि जाळ्याला ठेवलेल्या झडपेतून बाहेर पडतं. १९८७ मध्ये अमेरिकेने आपल्या मच्छीमारांना हे साधन सक्तीचं केलं, तेव्हा आखातातले कोळंबीवाले खवळले. झडपेतून आमचा मालही निसटतो, अशी त्यांची तक्रार होती. १९८९ च्या जुलैमध्ये त्यांनी टेक्सासच्या किनाऱ्यावर बोटी आडव्या लावून जहाजांचे मार्ग रोखले. थोरल्या बुश यांच्या सरकारला काही काळ माघार घ्यावी लागली. मग राजकारणाने नेहमीची वाट काढली. कासवांचा नियम मोडता येत नाही आणि मच्छीमार मतदारांना नाराजही करता येत नाही, तर तोच नियम परदेशी मच्छीमारांवर लादायचा. त्याच वर्षी कायद्यात कलम ६०९ आलं. कासवं वाचवण्याची अमेरिकेसारखी व्यवस्था नसलेल्या देशांची, समुद्रात पकडलेली कोळंबी विकत घ्यायची नाही, असा त्याचा आशय होता.

पुढचा टप्पा मला सर्वांत बोलका वाटतो. अमेरिकी सरकारने हे कलम सुरुवातीला कॅरिबियन परिसरापुरतंच लागू ठेवलं होतं, कारण आशियाई देशांशी भांडण ओढवून घ्यायचं नव्हतं. पण तिथल्या एका पर्यावरण संस्थेने सरकारलाच कोर्टात खेचलं. १९९५ च्या अखेरीस न्यायालयाने कायदा साऱ्या जगाला लागू करायला सांगितलं आणि त्यासाठी मे १९९६ ची मुदत दिली. म्हणजे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या परराष्ट्र खात्याला नको असलेलं भांडण त्यांच्याच देशातल्या न्यायालयाने त्यांच्या गळ्यात घातलं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड एकत्र येऊन जागतिक व्यापार संघटनेत गेले. एरवी एका बाकावर न बसणारे भारत आणि पाकिस्तान कोळंबीसाठी एका बाजूला उभे राहिले, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये अपील मंडळाने निकाल दिला: कासवं वाचवण्याचा हेतू योग्य, पण कायदा राबवताना देशादेशांत भेदभाव झाला. अमेरिकेने कायदा ठेवला आणि राबवण्याचे नियम बदलले. १९९९ च्या नोव्हेंबरात सिअ‍ॅटलला व्यापार संघटनेची परिषद भरली, तेव्हा कासवाचे पोशाख घातलेले निदर्शक रस्त्यावर होते. त्यांच्यासोबत कामगार संघटनाही होत्या. क्लिंटन यांना मुक्त व्यापार हवा होता, पण या दोन्ही गटांची मतं त्यांच्याच पक्षाची होती.

या कायद्याचा फटका आपल्याला गेल्या दशकाच्या अखेरीस पुन्हा बसला. भारतातल्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेने दार बंद केलं. इथे एक आक्षेप रास्त आहे. उत्तनची ओळख बोंबलाची. तिथे प्रवाहात रोवलेली डोल जाळी चालतात, आणि डोल म्हणजे ओढत नेण्याचं जाळं नव्हे. तिथली करंदी, जवळा मुंबईच्या बाजारातच खपतात. मग अमेरिकेच्या बंदीचं उत्तनला काय? उत्तर असं की बंदी एका गावावर येत नाही, देशाच्या प्रमाणपत्रावर येते. चढ्या भावाने माल उचलणारा एक मोठा गिऱ्हाईक बाजारातून उठला की निर्यातीचा माल देशी बाजारात उतरतो. मग ज्याने कधी निर्यात केलीच नाही, त्याच्या टोपलीचाही भाव बसतो. डिझेल आणि बर्फाचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

आणि या कायद्यात न येणारी मत्स्यशेतीची कोळंबी तरी कुठे सुटली? आखातातल्या मच्छीमारांची ‘सदर्न श्रिंप अलायन्स’ ही संघटना २००३ च्या शेवटच्या दिवशी स्वस्त आयातीविरुद्ध अर्ज घेऊन सरकारकडे गेली, आणि २००५ पासून भारतीय कोळंबीवर अँटी-डंपिंग शुल्क बसलं. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी देशी मासळी व्यवसायाला बळ देण्याचा आदेश काढला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के, मग रशियन तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के आयातशुल्क लादलं. मॉस्कोला धडा शिकवायचा आणि घरच्या उत्पादकाला खूश करायचं, ही दोन्ही कामं एकाच आकड्यात उरकली गेली. त्यातलं परराष्ट्र धोरण कुठलं आणि मतदारसंघाची मशागत कुठली, हे वेगळं करून दाखवता येणार नाही.

मीरा-भाईंदर महापालिकेच्याच दुसऱ्या बाजूला, मीरा रोडला, हा प्रवाह उलट, इथून अमेरिकेकडे वाहिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. आतली तरुण मुलं रात्रपाळीत अमेरिकेतल्या घरी फोन लावून आपण आयकर खात्यातून बोलतो असं सांगत आणि अटकेची भीती घालत. गिफ्ट कार्डांवरून पैसे उकळले जात. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ६१ व्यक्ती आणि कंपन्यांवर आरोपपत्र जाहीर केलं. त्यात अहमदाबादची कॉल सेंटरंही होती. ही फसवणूक चालली, कारण करखात्याचा धाक आणि हद्दपारीची भीती अमेरिकेत घराघरात आहे. नव्याने गेलेले स्थलांतरित तर सहज बळी पडले. वॉशिंग्टनच्या दृष्टीने हा आपल्या नागरिकांच्या संरक्षणाचा, म्हणजे घरचा प्रश्न; पण तो सोडवायला भारतीय पोलिसांची मदत आणि १९९७ चा प्रत्यार्पण करार, म्हणजे परराष्ट्र खातं, लागणारच होतं.

कोणी म्हणेल, हे सारं किरकोळ. महासत्तेचा अध्यक्ष चीन आणि अण्वस्त्रांचा विचार करतो. तो करतो, यात वाद नाही. पण भारताशी झालेला २००८ चा अणुकरारसुद्धा धाकट्या बुश यांना आधी अमेरिकी काँग्रेसकडून हाइड कायदा मंजूर करून घेतल्याशिवाय पुढे नेता आला नाही. आणि त्यानंतर वाढत गेलेली सामरिक मैत्री २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयातशुल्क थोपवू शकली नाही. हा दोष एकट्या अमेरिकेचा मानणंही चूक. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली, ती शहरातल्या गिऱ्हाइकाकडे आणि येऊ घातलेल्या लोकसभा निवडणुकीकडे बघून. लासलगावच्या शेतकऱ्याचं नुकसान झालं आणि बांगलादेशातल्या स्वयंपाकघरात कांदा महागला. घरचा निर्णय शेजाऱ्याला परराष्ट्र धोरण म्हणून भोगावा लागला. फरक इतकाच की अमेरिकेची बाजारपेठ अवाढव्य असल्याने तिच्या घरच्या भांडणाचे धक्के फार दूर पोचतात.

म्हणून आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी व्हाइट हाउसइतकंच लुइझियाना आणि टेक्सास या आखाताकाठच्या कोळंबीवाल्या राज्यांकडे लक्ष ठेवलं पाहिजे. शुल्काचे दर खाली-वर होत राहतील. त्यावर आपला ताबा नाही. टेडवर आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांना जुळेल असं टेड तयार केलेलं आहे. ऑलिव्ह रिडले कासवं कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, तीही आपलीच आहेत; ती वाचवायला अमेरिकेच्या धाकाची वाट पाहणं आपल्याला शोभत नाही. खर्च आणि निसटणारा माल यांचा बोजा एकट्या बोटमालकावर टाकू नये, सरकारने तो उचलावा. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत बोटी किनाऱ्याला असतात आणि जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. मत्स्यव्यवसाय खात्याने आणि मच्छीमार सोसायट्यांनी राज्यातल्या प्रत्येक ट्रॉलरच्या जाळ्यात ही चौकट त्याच दिवसांत बसवून घ्यावी.