पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा!

मुलं प्रोग्रॅमिंग शिकू लागली, की घरच्या कॉम्प्युटरवर रोज काहीतरी नवं बसवायचं निघतं. पडद्यावर चौकट येते, "आई, पासवर्ड सांग ना गं!" अशी हाक येते आणि पोळ्या लाटता लाटता तुम्ही तो सांगूनही टाकता. असं करू नका, बाई!

विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर खातं स्वतःकडे ठेवा, मुलांना स्टँडर्ड खातं द्या. त्यांचं काही अडत नाही, बरं का! पायथॉन आणि व्हीएस कोड फक्त त्यांच्या खात्यापुरते बसवता येतात. त्याला तुमचा पासवर्ड लागत नाही. तरीही चौकट आलीच, तर प्रकाशकाचं नाव वाचा. 'अननोन' दिसलं, की सरळ 'नो'.

खरी मेख प्लगिन्सची. व्हीएस कोडची एक्स्टेन्शन्स तुम्हाला विचारतच नाहीत. ती मुलाच्या फोल्डरात बसतात आणि त्याला उघडता येणारी प्रत्येक फाईल वाचू शकतात. म्हणून बँकेचे कागद तुमच्याच खात्यात हवेत. २०२५ पासून नव्या प्रकाशकाचं एक्स्टेन्शन घेताना 'विश्वास आहे ना?' असं व्हीएस कोड विचारतो. तेव्हा नावापुढची निळी खूण बघायला सांगा. अर्थात, ती खूण म्हणजे वेबसाइट त्या प्रकाशकाची असल्याची खात्री. प्लगिन चांगलं असल्याची नव्हे.