तांब्याच्या वाटा

तुम्ही रेडिओ कधी उघडून पाहिला आहे काय? आत एक पातळ पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात. या रेघा म्हणजे विजेच्या वाटा. जुन्या रेडिओत या जागी तारांचे जंजाळ असे. १९३६ च्या सुमारास पॉल आइसलर या ऑस्ट्रियन इंजिनिअराने इंग्लंडात छापील पाटीचा रेडिओ तयार केला. आज या पाटीला पीसीबी म्हणतात.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारागिराच्या भाच्याने अशी पाटी घरीच करायचे मनावर घेतले. दिवा लावण्यापुरती छोटी पाटी.

"मामा, तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी आणली. आता?"

"आधी ती घास. बारीक पॉलिश कागदानं. बोटाचा तेलकट डाग राहिला, की काम बिघडलं म्हणून समज."

भाच्याने पक्क्या शाईने रेघा काढल्या. दोनदा गिरवल्या. वाळू दिल्या.

चिंचेने हंडा घासला, की वरचा काळपट थर जातो. फेरिक क्लोराइडचे पाणी याहून जबर. ते तांबेच खाते. पण शाईखाली ते पोचत नाही. म्हणून रेघा तेवढ्या उरतात.

मामांनी खिडकी उघडली. दोघांनी रबरी हातमोजे आणि चष्मा घातला. लहान मुलांना दूर केले. भांडे प्लास्टिकचे घेतले. अॅल्युमिनियमचे भांडे हे पाणी खाऊन टाकते आणि तापते. आधी पाणी घ्यायचे, मग पूड थोडी थोडी टाकायची. उलट केले तर पाणी उसळते. ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाही.

पाटी बुडवून भांडे हळूहळू हलवले. वीसेक मिनिटांत मोकळे तांबे गेले. पाटी धुऊन शाई पुसली. लखलखीत रेघा दिसल्या!

भाचा भांडे घेऊन मोरीकडे निघाला. मामांनी हात धरला.

"थांब! पाटीवरचं तांबं गेलं कुठं?"

"पाण्यात."

"मग ते मोरीत ओतलंस तर?"

भाचा गप्प झाला. मोरीचे पाणी गटारात जाते, गटार नाल्यात. आपला जयंती नाला पंचगंगेला मिळतो. तांबे कुजत नाही, जळत नाही. पाण्यात थोडे उतरले तरी माशांना ते विष होते.

मग काय करावे? ते पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरावे. वर नाव लिहावे. पुन्हा पुन्हा वापरावे. पाटी धुतलेले पहिले पाणीही वेगळ्या बाटलीत ठेवावे. काम होईनासे झाले, की घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडे सगळे द्यावे. तो कुठे आहे, हे महापालिकेत विचारावे.

भाच्याने बाटलीचे बूच घट्ट लावले. पाटीला भोके पाडली, डाख दिला, बॅटरी जोडली. दिवा लागला.

"आता खरा कारागीर झालास," मामा म्हणाले.