‘स्वयम्’ : मोटरशिवाय दिशा धरणारा उपग्रह

22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 या रॉकेटाने एकाच वेळी 20 उपग्रह नेले. त्यांत ‘स्वयम्’ हा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) विद्यार्थ्यांनी बांधलेला उपग्रह होता. सुमारे 10 सेंटिमीटर बाजूचा घन, वस्तुमान जेमतेम 1 किलो. एका ठिकाणाहून आलेला रेडिओ संदेश साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणी उतरवायचा, हे त्याचे काम. पण आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने खरा प्रयोग दिशा-नियंत्रणाचा आहे.

आधी विजेचा हिशेब करू. अवकाशात दर चौरस मीटरवर सुमारे 1361 वॅट सूर्यप्रकाश पडतो. घनाची एक बाजू 0.01 चौरस मीटर, म्हणजे 13.6 वॅट. सौरघटांनी त्यातला पाव भाग विजेत बदलला, तरी हाती साडेतीन वॅटही येत नाहीत. शिवाय सुमारे 95 मिनिटांच्या फेरीत काही काळ अंधार असतोच. एवढ्यात रेडिओ, संगणक आणि बॅटरी सांभाळायची. दिशेसाठी मोटरवर फिरणारी चाके कशी परवडणार?

म्हणून आत स्थायी चुंबक बसवला. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला समांतर होऊ पाहतो आणि उपग्रहालाही वळवतो. मात्र सुई स्थिर होते ती घर्षणामुळे. कक्षेत हवा जवळजवळ नाही, त्यामुळे उपग्रह लंबकासारखा डोलतच राहील. हे डोलणे थांबवायला हिस्टेरिसिस रॉड लागतात, म्हणजे मृदू चुंबकीय धातूच्या बारीक कांड्या. उपग्रह हलला की त्यांच्यातले चुंबकन उलटसुलट होते, पण क्षेत्राच्या थोडे मागे राहून. प्रत्येक आवर्तनात हिस्टेरिसिस वक्राच्या क्षेत्रफळाइतकी ऊर्जा उष्णतेत जाते आणि डोलणे हळूहळू कमी होते. (बारावीत पाठ केलेला तो वक्र इथे ब्रेकचे काम करतो!) विजेचा खर्च शून्य.

या सोयीची किंमतही आहे. चुंबक क्षेत्ररेषेमागे जातो, जमिनीकडे पाहत नाही. ध्रुवांजवळ तो उभा, तर चुंबकीय विषुववृत्तावर आडवा होतो. ध्रुवीय कक्षेच्या एका फेरीत दोनदा पूर्ण वळतो. चुंबकाच्या स्वतःच्या अक्षाभोवतीचे फिरणे तर त्याला रोखताच येत नाही. अँटेनाचा झोत रुंद असल्याने संदेशासाठी एवढे पुरते. कॅमेरा रोखायचा असता तर पुरले नसते. आयआयटी मुंबईचा, त्याच वर्षी 26 सप्टेंबरला गेलेला सुमारे 10 किलोचा ‘प्रथम’ मोठा होता. त्यात विजेवर चालणारी, हवी तशी बदलता येणारी चुंबकीय वेटोळी वापरली होती.