तारायंत्र ते संगणकजाल : सुरक्षिततेचा बोध

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे वनांनी वेढलेले गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. नक्षलवादी चळवळीमुळे या भागात सुरक्षितता म्हणजे जंगलातील गस्त, अशीच समजूत दीर्घकाळ होती. परंतु दाखले, सातबारा उतारे व बँकेचे व्यवहार संगणकावर आल्यापासून राष्ट्रीय सुरक्षिततेची एक सीमा ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येऊन पोहोचली आहे.

इतिहासाची साक्ष

संघर्षात संदेशवहनाला नेहमीच निर्णायक महत्त्व असते. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्यास गेलेली वार्ता पुढे लाहोरला पोहोचली आणि १३ मे रोजी तेथील हिंदी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. तारेचे हे सामर्थ्य ओळखूनच उठावकर्त्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या.

आज तारा तोडण्यासाठी शत्रूला सीमा ओलांडावी लागत नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीजवितरण कंपन्यांच्या संगणकांवर हल्ला होऊन सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने कळा फिरवल्या, म्हणूनच काही तासांत वीज परतली. जून २०१७ मध्ये युक्रेनमधूनच पसरलेल्या घातक संगणकप्रणालीची झळ न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलला बसली व कंटेनरची वाहतूक खोळंबली. ते टर्मिनल चालविणाऱ्या आंतरराष्ट्रीय कंपनीची अत्यावश्यक माहिती वाचली ती केवळ घानातील एका संगणकावर. वीज गेल्याने तो त्या वेळी जालापासून तुटलेला होता!

धोरण आणि कर्तव्य

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा या क्षेत्रातील मूळ कायदा होय. २०१३ मध्ये राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर झाले. २०१४ मध्ये वीज, बँका, दूरसंचार, वाहतूक आदींच्या संगणकयंत्रणांच्या रक्षणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनीही सायबर घटनेची माहिती केंद्रीय प्रतिसाद पथकास ६ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे.

तथापि, केवळ कायद्याने रक्षण होत नाही. पासवर्ड दुसऱ्याच्या हाती न देणे, अनोळखी संदेशातील दुवे न उघडणे, नोंदींची एक प्रत जालापासून अलग ठेवणे आणि यंत्रणा बंद पडल्यास कागदावर काम चालविण्याचा सराव राखणे, ही दक्षता प्रत्येक कार्यालयास शक्य आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घरोघरी पोहोचवावे. एक मार्ग तुटला असता दुसरा हाताशी असणे, हाच इतिहासाचा बोध होय.