रेशनची रांग आणि आपला हक

महिना उजाडून आठ-दहा दिवस झाले की मुंब्रा-कौशाच्या गल्ल्यांमध्ये बायका एकमेकींना एकच प्रश्न विचारतात, "कोटा आला का गं?" कोटा म्हणजे रेशन दुकानात आलेले धान्य. मग पिशव्या निघतात, कुणी मुलाला शाळेतून लवकर बोलावते, कुणी शेजारणीला "माझा नंबर धर" म्हणून सांगून ठेवते.

याच विषयावर लिहायचे म्हणून आम्ही काही दिवस ठाणे, मुंब्रा आणि कल्याणच्या घराघरांत बोलत होतो. राबोडीत राहणाऱ्या एका आपांची गोष्ट आमच्या मनातून जात नाही. त्या धान्य आणायला दर महिन्याला रिक्षाने खाडीपलीकडे कळव्याला जातात. घराजवळ दुकान नाही का? आहे. पण तिथल्या रांगेत ओळखीच्या बायका असतात. "आमच्या अब्बांनी कुणापुढे हात पसरला नव्हता," त्या म्हणाल्या. पतीची नोकरी गेली, घरात सहा माणसे, आणि तीस किलो धान्यासाठी त्या जाता-येता रिक्षाचे भाडे भरतात, कशासाठी तर कुणी बघू नये.

कुठल्याही दुकानातून धान्य घेण्याची सोय सरकारने केली ती कामासाठी गाव सोडलेल्यांसाठी. आपल्यातल्या काही जणी ती शरमेसाठी वापरतात!

आपांना आम्ही जे सांगितले तेच इथे सांगतो. रेशन खैरात नाही. सदका नाही आणि जकातही नाही. संसदेने 2013 साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा केला, महाराष्ट्रात तो फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. त्या कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळण्याचा हक दिला. अंत्योदय कार्ड असेल तर घरात माणसे कितीही असोत, कार्डामागे पस्तीस किलो. पूर्वी तांदळाला तीन रुपये आणि गव्हाला दोन रुपये किलो द्यावे लागत. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढे पाच वर्षांसाठी ते मोफतच ठेवण्यात आले आहे. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या भगिनींना फारशी माहीत नसते. घरात अठरा वर्षांवरील जी सर्वांत मोठी स्त्री असेल, रेशनकार्डासाठी तीच कुटुंबप्रमुख. अब्बा नाहीत, भाईजान नाहीत. अम्मी, किंवा दादी.

आता या हकाची दुसरी बाजू. ती थोडी टोचेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शिधावाटप कार्यालयात गेलेल्यांना एक शब्द पाठ झालेला असतो : इष्टांक. "इष्टांक पूर्ण आहे, जागा झाली की बघू." म्हणजे काय? कायद्याचा लाभ किती लोकांना द्यायचा याचा आकडा ठरलेला आहे. महाराष्ट्रासाठी तो सुमारे सात कोटी. शहरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के आणि ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के. आणि ही लोकसंख्या धरली आहे 2011 च्या जनगणनेची. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यानंतर मुंब्र्यात किती इमारती उभ्या राहिल्या, कल्याणच्या गोविंदवाडीत किती नवे संसार मांडले गेले, याच्याशी त्या आकड्याला काही देणेघेणे नाही. शहरात प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 59,000 रुपये आहे. महिन्याला पाच हजारही होत नाहीत. मुंब्र्यात एका खोलीचे भाडे किती आहे ते वाचकांना आम्ही सांगायला नको! ही मर्यादा आणि हा आकडा दोन्ही वाढायला हवेत, आणि ते मागणे हेही आपलेच काम आहे. पण जोवर वाढत नाहीत तोवर स्थिती अशी की केशरी कार्ड हातात आहे, पण प्राधान्याचा शिक्का नाही, म्हणून धान्य नाही, अशी शेकडो घरे वाट बघत बसली आहेत. आणि यादीतून एक नाव कमी झाल्याशिवाय दुसरे नाव आत येत नाही.

मग आपल्या घरातली यादी जरा बघू या. पती चार वर्षांपासून दम्माममध्ये आहेत, त्यांचे युनिट कार्डावर चालू. दादीचा इंतकाल होऊन दोन वर्षे झाली, नाव आहे. मुलीचा निकाह होऊन ती भिवंडीला गेली, तिचेही नाव आहे. कुणी मुद्दाम फसवणूक करत नाही, आम्हाला ठाऊक आहे. कार्यालयात कोण जाणार, अर्ज कोण लिहिणार, राहू दे, असे चालते. पण त्या तीन नावांचे पंधरा किलो ज्या विधवेला मिळायला हवे होते तिला कारकून म्हणतो, "इष्टांक पूर्ण आहे." ते धान्य आपल्याकडे अमानत म्हणूनही आलेले नसते. ते दुसऱ्याचे असते.

सूरह यूसुफमधला किस्सा घरोघरी सांगितला जातो. दुष्काळात हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचे भाऊ धान्यासाठी मिसरला आले. धाकट्या भावालाही सोबत नेले तर एका उंटाचे ओझे जास्त मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे माणसागणिक वाटा, आणि त्यासाठी माणूस हजर हवा. आजच्या ई-केवायसीचा त्रास आम्हालाही आहे, पण वाटप माणसामागे असेल तर माणूस आहे की नाही हे बघणे आलेच, हेही मान्य करायला हवे.

त्रास मात्र खरा आहे. आपल्या घरांत तो जरा जास्तच आहे आणि त्याचे कारण आपली नावे. कार्डावर शेख, आधारवर शैख, शाळेच्या दाखल्यावर शेख मोहम्मद आणि पॅनवर मो. शेख. बाईच्या नावापुढे माहेरी खातून, सासरी बेगम, बँकेत पतीचे नाव. आडनाव लावायची पद्धत ज्यांच्याकडे नाही त्यांच्या अर्जात तो रकाना मोकळा राहतो आणि कारकून तिथे काहीतरी लिहून टाकतो. आमचा सल्ला साधा आहे. आधारवरचे नाव आधी बरोबर करून घ्या आणि मग प्रत्येक कागदावर तेच, त्याच अक्षरांत. मूल जन्माला आले की जन्मदाखल्यापासूनच हे सांभाळा.

नवी सून आली की तिचे नाव लगेच चढत नाही, कारण ते माहेरच्या कार्डावर असते. आधी माहेरच्या ठिकाणी नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा, मग विवाहाचा पुरावा आणि आधार जोडून इथे अर्ज करायचा. गावाकडे हे काम तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होते, ठाणे-कल्याण-डोंबिवलीत शिधावाटप कार्यालयात. निकाहच्या खरेदीची यादी करताना हा दाखलाही यादीत लिहा. नाहीतर सून दोन-दोन वर्षे ना इकडची ना तिकडची राहते. आम्हाला कल्याणच्या दूधनाक्याजवळ अशी एक भेटली. तिला आता एक मूल आहे, आणि मूलही कार्डावर नाही.

अंगठ्याचे रडगाणे तर विचारू नका. दिवसभर लसूण सोलणाऱ्या, इमिटेशनचे मणी ओवणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांवर रेषाच उरत नाहीत. ईदच्या आधी गडद मेंदी लावली की मशीन बोट ओळखत नाही, म्हणून आधी रेशन, मग मेंदी. मुलांच्या आधारमध्ये पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिले असतील तर दुकानात त्याचे बोट जुळणार नाही, मग तिथे दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. आता 'मेरा ई-केवायसी' हे अॅप आणि 'आधार फेसआरडी' यांच्या मदतीने चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते. आजारी, अंथरुणावरच्या माणसांसाठी ही मोठी सोय आहे. आणि मशीन चालले नाही, आधार जुळले नाही, एवढ्याच कारणाने पात्र माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, असे केंद्र सरकारने 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यांना कळवलेले आहे. झारखंडमध्ये रेशन बंद झालेल्या घरातली एक मुलगी गेली, त्यावर देशभर आवाज उठला, त्यानंतरचे ते पत्र आहे. ही तारीख लक्षात ठेवा. काउंटरवर कामाला येते.

गावाकडचे कार्ड असलेल्यांबद्दलही लिहायला हवे, कारण मुंब्र्यात ते घराघरांत आहे. कुणी महाडचा, कुणी लातूरचा, कुणी थेट उत्तर प्रदेशचा. 'एक देश, एक रेशनकार्ड' या योजनेची सुरुवात ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून झाली आणि 2022 पर्यंत ती सगळ्या देशात पोहोचली. त्यामुळे गावचे कार्ड इथे बदलून घ्यायची गरज नाही. बारा आकडी कार्ड नंबर किंवा आधार नंबर आणि अंगठा पुरे. पण इथेही एक घरगुती भांडण दडलेले आहे. एका घरी आम्हाला सांगण्यात आले : धाकट्या भावाने मुंब्र्यात पूर्ण कार्डाचे धान्य उचलले, आणि गावी अम्मी दुकानात गेली तेव्हा मशीनवर दिसले की या महिन्याचे घेऊन झाले आहे. सत्तर वर्षांची बाई रिकामी पिशवी घेऊन परत आली. तिने मुलाला फोनसुद्धा केला नाही. पुढच्या ईदला गावी गेल्यावर त्याला शेजाऱ्यांकडून कळले. कार्डावरचा वाटा थोडा इथे आणि थोडा तिथे असा घेता येतो. आपल्या माणसांपुरते घ्या, बाकीचे गावी राहू द्या, आणि घेण्याआधी एक फोन करा.

आता तांदळाबद्दल. रेशनचा तांदूळ घेऊन पुढच्या गल्लीत विकला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे, आम्हीही डोळ्यांनी पाहिले. विकणाऱ्या बाईला विचारले तर म्हणाली, "मुले खात नाहीत, जाड आहे. या पैशात तेल येते." तिची अडचण आम्ही समजू शकतो, कारण रेशनमध्ये दर महिन्याला डाळ-तेल मिळत नाही आणि नुसत्या भातावर घर चालत नाही. पण हे धान्य विकण्यासाठी दिलेले नाही, कार्ड रद्द होण्याची वेळ येऊ शकते. आणि ज्या घराला त्याची गरजच नाही, त्या घराने विकण्यापेक्षा नाव कमी करून घ्यावे.

मुले खात नाहीत याचे एक कारण अफवा आहे. तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळसर, गुळगुळीत, कधी धुताना वर तरंगतात. लोक म्हणतात, प्लास्टिकचा तांदूळ! तो प्लास्टिकचा नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रात त्याला दाण्याचा आकार देतात आणि साध्या शंभर दाण्यांमागे असा एक दाणा मिसळतात. आपल्याकडे किती मुलींच्या अंगात रक्त कमी असते ते कुठल्याही दवाखान्यात विचारा. बायका नेमके तेच दाणे वेचून फेकतात. वेचू नका, आणि तांदूळ पाच-पाच पाण्यांनी धुऊ नका.

जाड तांदळाचे काय करायचे हे खरे तर कोकणी घरांना शिकवायला नको. बिर्याणी त्याची होणार नाही, हट्ट धरू नये. पण पीठ काढून भाकरी, रात्री भिजवून वाटून घावणे, उडीद डाळ घालून आंबवले तर डोसे, रमजानमध्ये इफ्तारसाठी खिमा घालून पातळ खिचडा. गहू मात्र निवडून, उन्हात घालून मगच चक्कीवर द्यावा. एका चाचीने सांगितले की ती रेशनच्या तीन वाट्यांत एक वाटा बाजारचा गहू मिसळते, चपाती मऊ राहते.

मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात किती सक्त ताकीद आहे, हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांच्या कौमला कशावरून बजावले गेले, हे आपण जाणतो. दुकानदार सगळेच तसे नसतात. त्यांना मिळणारे कमिशन क्विंटलमागे कित्येक वर्षे 150 रुपये होते, म्हणजे किलोला दीड रुपया. त्यात दुकानभाडे, हमाली, वीज. तरीही पावती मागणे हा तुमचा हक आहे. मशीनमधून निघणाऱ्या कागदावर किती किलो दिले ते छापलेले असते. तेवढेच पिशवीत आहे का ते तिथेच बघा. कमी असेल, किंवा "कोटा संपला" असे सांगितले असेल, तर 1967 किंवा 1800-22-4950 या नंबरवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. फोन करताना कार्ड नंबर आणि दुकानाचा नंबर जवळ ठेवा.

राबोडीच्या आपांना आम्ही गेल्या महिन्यात पुन्हा भेटलो. त्या अजूनही कळव्यालाच जातात. पण मोठा मुलगा नोकरीला लागून पुण्याला गेला, त्याचे नाव कमी करण्याचा अर्ज त्यांनी स्वतः जाऊन दिला. खिडकीवरच्या माणसाने दोनदा विचारले, "खाला, नक्की कमीच करायचे आहे ना? परत चढणार नाही लवकर." त्या म्हणाल्या, "कमीच करा. तो आता कमावतो."