आयटी पार्कच्या भिंतींआधी काम हवे

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये सोलापुरात आयटी पार्क उभारण्याची घोषणा केली आणि शहराची एक जुनी मागणी मान्य झाली. दरवर्षी अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण पुण्याची गाडी धरतात आणि घरी आईवडील मागे राहतात. हे चित्र पालटावे असे कोणाला वाटणार नाही? तथापि जागा, रस्ते आणि इमारत म्हणजे उद्योग नव्हे. त्या इमारतीत कोणते काम चालणार, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

तो विचारण्याचा अधिकार सोलापूरला त्याच्या इतिहासाने दिला आहे. १८६० मध्ये लोहमार्ग आला, १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि व्यापारी पेठेची कामगारनगरी बनली. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९० नंतरच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबली आणि हजारो कुटुंबांचा आधार तुटला. त्या पडझडीत चादर आणि टॉवेल यांची बाजारपेठ राखली ती लहान यंत्रमागधारकांनी. मूठभर मालकांवर विसंबलेले शहर त्यांच्या एका निर्णयाने कोलमडू शकते, हा धडा सोलापूरने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

आयटी पार्कमध्ये बाहेरच्या दोन-तीन बड्या कंपन्यांच्या शाखा आल्या आणि त्यांना आकर्षण केवळ कमी पगाराचे असले, तर त्याच धड्याची उजळणी होईल. निर्णय अन्यत्र होतील आणि मंदीची पहिली कुऱ्हाड शाखेवर पडेल. शिवाय साचेबंद संगणकीय काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागले आहे. स्वस्त मनुष्यबळाच्या बळावर नवा उद्योग उभारण्याचे दिवस सरत चालले आहेत.

म्हणून स्थानिक गरजांतून निर्माण होणाऱ्या कामाकडे वळले पाहिजे. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर विणली जाते. त्या मागाच्या छिद्रपट्ट्यांवरूनच चार्ल्स बॅबेज यांना त्यांच्या गणनयंत्राची कल्पना पुढे नेता आली. माग आणि संगणक यांचे नाते असे जुने आहे. मात्र नक्षीची आखणी, सुताचा हिशेब आणि मागणीची नोंद यांसाठी लहान कारखानदाराला परवडेल अशी मराठी-तेलुगू प्रणाली गावातच तयार होणे अगत्याचे आहे. जिल्ह्यातील साखर कारखान्यांची ऊसनोंद, बाजार समितीतील कांद्याची आवक, डाळिंबावरील रोगांची पूर्वसूचना, पंढरपूरच्या वारीतील गर्दीचे नियोजन ही कामे सोलापुरातच आहेत. ती येथील तरुणांनी चोख केली, तर हाच माल इचलकरंजी, नाशिक आणि सुरतपर्यंत विकता येईल.

असा प्रयोग जिल्ह्याला नवा नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ती पद्धत आली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. एका खेड्यातील शाळेची गरज आणि शासनाची स्वीकृती एकत्र आल्यावर काय घडते, याचा हा वस्तुपाठ होय.

येथेच धोरणाचा संबंध येतो. पुण्याचा उद्योगही केवळ बाजाराच्या कृपेने वाढलेला नाही. १९९१ मध्ये केंद्राने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सची संस्था स्थापून निर्यातदारांना दळणवळण आणि परवान्यांची सोय करून दिली. हिंजवडीची वसाहत औद्योगिक विकास महामंडळाने उभारली. सोलापूरला आज सर्वांत अधिक गरज आहे ती पहिल्या ग्राहकाची. सरकारी निविदांत मागील उलाढालीची आणि अनुभवाची अट असते. नवा उद्योजक तेथेच बाद होतो. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडक उद्योगांना १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची प्रथा पडली. तीच प्रथा महापालिका, जिल्हा परिषद आणि विद्यापीठ यांनी जिल्हा पातळीवर चालविण्यास कोणती हरकत आहे? १९८३ पासूनचे वालचंद तंत्रज्ञान संस्थेसारखे महाविद्यालय आणि २००४ पासूनचे विद्यापीठ यांनी अंतिम वर्षाचे प्रकल्प कपाटात ठेवण्याऐवजी यंत्रमागधारकांच्या आणि बाजार समितीच्या गरजांशी बांधले पाहिजेत. सहकाराची परंपरा असलेल्या जिल्ह्याला लहान कंपन्यांचा एक सहकारी संघही अशक्य नाही. मोठे काम एकत्रित घ्यावे आणि वाटून करावे.

पाणी, वीज आणि वाहतूक यांचा प्रश्न अर्थातच उरतो. विमानसेवेसाठी जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडण्यात आली. २०२५ मध्ये विमाने उडू लागली. शहराने त्यासाठी एका चालत्या सहकारी कारखान्याची झीज सोसली आहे. त्या विमानांतून केवळ तरुणांना बाहेर नेण्याची सोय झाली, तर ही किंमत व्यर्थ ठरेल. आयटी पार्कची कोनशिला बसेल तेव्हा बसो; पहिला कार्यादेश मात्र महापालिकेला आजही काढता येईल.