कामाचे श्रेयांक : आधी नोंद, मग काम

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील आपल्या घराघरांतून आज मुले आणि मुली महाविद्यालयांत शिकत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. कोणी भालकीस वा बिदरला अभियांत्रिकी शिकतो, कोणी कलबुर्गीस वाणिज्य शाखेत आहे, तर कोणी सीमा ओलांडून उदगीर, लातूर किंवा सोलापूर गाठतो. ह्या मुलांच्या बोलण्यात 'इंटर्नशिप' हा शब्द अलीकडे वारंवार येतो. वडीलधाऱ्यांची समजूत अशी, की मुलगा सुटीत कोठेतरी काम शिकावयास गेला, चांगले झाले. ही समजूत खोटी नाही. पण अपुरी आहे. ते काम पदवीत धरले जाणार की नाही, हे केवळ कामावर ठरत नाही. कामापूर्वी महाविद्यालयात झालेल्या नोंदीवर ठरते. ती नोंद नसली, तर दोन महिने राबूनही पदवीच्या हिशेबात शून्य पडू शकते आणि शेवटचे सत्र संपले तरी पदवी अडून राहते. म्हणून हा विषय सभासदांपुढे व त्यांच्या मुलाबाळांपुढे सविस्तर मांडावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम 'श्रेयांक' म्हणजे काय, ते पाहू. मुले ह्यालाच क्रेडिट म्हणतात. धान्य जसे पायलीने मोजतात, तसा महाविद्यालयातील अभ्यास श्रेयांकांनी मोजतात. प्रत्येक विषयाचे श्रेयांक ठरलेले असतात. ते पुरे भरले म्हणजेच पदवी मिळते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०२२ च्या योजनेत चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीस १६० श्रेयांक लागतात. त्यांपैकी १० एकट्या इंटर्नशिपचे असून तिची मुदत १४ ते २० आठवडे आहे. म्हणजे ही सुटीतील हौस नव्हे, तर इतर विषयांसारखाच एक विषय आहे. तो सुटला, तर राहिलेल्या १५० श्रेयांकांवर पदवी मिळत नाही. स्वायत्त महाविद्यालयांच्या योजना थोड्या निराळ्या असू शकतात, हेही ध्यानात असावे.

कला, विज्ञान, वाणिज्य ह्या शाखांकरिता विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत एका श्रेयांकास ३० तास असे माप धरले असून, चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची, म्हणजे २ ते ४ श्रेयांकांची इंटर्नशिप सांगितली आहे. रोज सहा तास काम धरले, तर ६० तासांस १० दिवस आणि १२० तासांस २० दिवस लागतात. हिशेब इतका सरळ आहे. अडचण येते ती दुसरीकडेच.

आपण सीमेवरची माणसे. एकाच घरातील थोरला भालकीस आणि धाकटी लातूरला, असे आपल्याकडे सर्रास दिसते. दोघांचे राज्य वेगळे, म्हणून नियमही वेगळे. महाराष्ट्राने २०२३ साली ठरविलेल्या आराखड्यात पदवीच्या सहाव्या सत्रात ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आहे. पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रातही ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्र-प्रकल्प आहे. कर्नाटकाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२१ साली लागू केले आणि २०२४ साली ते बाजूस ठेवून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्यामुळे कर्नाटकातील एकाच महाविद्यालयात दोन वर्षांच्या अंतराने दाखल झालेल्या दोन भावंडांचा अभ्यासक्रमही सारखा असेलच असे नाही. ह्यातून एक नियम मनाशी पक्का करावा : काम कोठे केले ह्यावरून नव्हे, तर नाव कोणत्या विद्यापीठात, कोणत्या वर्षी दाखल झाले ह्यावरून नियम लागतो. लातूरच्या महाविद्यालयातील मुलीने बिदरच्या सहकारी बँकेत काम केले, तरी तिला लातूरचे, म्हणजे नांदेडच्या विद्यापीठाचे नियम लागतील. शेजारच्या मुलाने काय केले, हे विचारून भागत नाही.

काम आणि विद्या ह्यांची ही सांगड आजची नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर ह्या प्राध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन हा प्रयोग सुरू केला. मुले आळीपाळीने वर्गात व कारखान्यात जात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून ह्याच पद्धतीवर उभे राहिले. आपल्या देशात १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले. पिलानीच्या संस्थेनेही १९७३ साली विद्यार्थ्यांस कारखान्यांत पाठवून तो अभ्यास पदवीत धरण्याची व्यवस्था केली.

डॉक्टरी शिक्षणात तर ही रीत जुनीच आहे. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलास रुग्णालयात १२ महिने काम करावे लागते, आणि त्यापूर्वी राज्य वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते. बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील विद्यार्थ्यांसही पदवीसाठी एक वर्षाची इंटर्नशिप पुरी करावी लागते. डॉक्टर होणारा मुलगा नोंदणीवाचून रुग्णास हात लावीत नाही. इतर शाखांच्या मुलांनी हाच धडा घ्यावयाचा आहे.

कोणी विचारील, की काम खरोखर केले असता कागदाचा एवढा आग्रह कशाला? आपल्या बिदरी कामाकडे पाहावे. जस्त व तांबे ह्यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार बसवून, किल्ल्यातील मातीने त्यास काळा रंग आणणारा कारागीर कोणत्याही कचेरीत नाव नोंदवून तयार झाला नाही. उस्ताद समोर बसलेला असे. पोराचा हात किती बसला, हे तो रोज डोळ्यांनी पाही. महाविद्यालयातील परीक्षकाने मात्र तुमच्या मुलाचे काम पाहिलेले नसते. त्याच्यापुढे फक्त परवानगी, हजेरी, रोजनिशी व अहवाल असतो. मुलाच्या कामाचे साक्षीदार हेच.

आता नोंदीची रीत क्रमाने सांगतो.

पहिले, आपल्या प्रवेशवर्षाची अभ्यासक्रम-पुस्तिका पाहावी. इंटर्नशिप कोणत्या सत्रात, किती तासांची, किती श्रेयांकांची, हे तीन आकडे वहीत लिहून घ्यावेत.

दुसरे, जागा ठरविण्यापूर्वी विभागप्रमुखास भेटावे. अशी जागा चालेल काय, हे त्यांनी सांगावयाचे असते. मग महाविद्यालयाचे पत्र त्या संस्थेस द्यावे आणि संस्थेकडून स्वीकृतिपत्र आणावे. त्यात कामाचा प्रकार, आरंभ व शेवट ह्यांच्या तारखा, रोजचे तास आणि देखरेख करणाऱ्याचे नाव असावे. महाविद्यालयाकडूनही एक मार्गदर्शक प्राध्यापक नेमून घ्यावा.

तिसरे, आणि हेच सर्वांत अधिक विसरले जाते : त्या सत्राच्या विषयनोंदणीत व परीक्षेच्या अर्जात इंटर्नशिपचा विषय, त्याच्या संकेतांकासह, घातला आहे ना, हे पाहावे. पत्रे सर्व आहेत, पण अर्जात विषयच नाही, तर गुण भरावयास जागाच राहत नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवर नाव घालावयाचे असेल, तर तेही कामाच्या पहिल्या दिवसापूर्वी घालावे.

चौथे, काम सुरू झाल्यावर रोजनिशी रोज लिहावी. आठवड्यातून एकदा देखरेख करणाऱ्याची सही घ्यावी. शेवटच्या दिवशी महिन्याभराच्या सह्या मागण्यात अवघडल्यासारखे होते आणि परीक्षकासही शंका येते.

पाचवे, काम संपताच शिक्क्याचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यात तारखांबरोबर एकूण तासही मागून घ्यावेत. मग अहवाल देऊन तोंडी परीक्षा द्यावी.

सहावे, निकाल लागल्यावर गुणपत्रिकेत व 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' मध्ये श्रेयांक जमा झाले ना, हे तपासावे. ही बँक २०२१ साली सुरू झाली. तेथे श्रेयांक जमा करण्याचे काम संस्थेचे आहे. विद्यार्थ्याने स्वतः प्रमाणपत्र चढवून ते मिळत नाहीत. खाते डिजिलॉकरमधून निघते. आपल्या भागात येथे एक गोम आहे : महाराष्ट्रातील कागदांवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर कर्नाटकात पुष्कळदा नुसती आद्याक्षरे असतात. आधारपत्र व महाविद्यालयाचा दाखला ह्यांवरील नाव जुळत नसेल, तर ते पहिल्याच वर्षी दुरुस्त करून घ्यावे.

ह्याखेरीज तीन ठिकाणी घोटाळा होतो. शिकाऊ उमेदवारी ही कायद्याखालील करारावर चालते. ती पदवीच्या अभ्यासक्रमातच गुंफलेली असेल तरच तिचे श्रेयांक मिळतात. २०२४ साली निघालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत विद्यावेतन ठेवले होते. पण सुरुवातीच्या नियमांप्रमाणे पूर्ण वेळ शिकणाऱ्यास ती खुली नव्हती. नाव सारखे म्हणून दोन्ही एकच समजू नये. तिसरी गोष्ट, पैसे घेऊन न केलेल्या कामाची प्रमाणपत्रे देणारेही लोक आहेत. असा कागद तोंडी परीक्षेत टिकत नाही, आणि टिकला तरी मुलाच्या हाती विद्या येत नाही.

जागेसाठी पुणे वा हैदराबादच पाहिजे, असे नाही. मुलीस एवढ्या दूर कसे पाठवावे, ह्या विचाराने काही पालक अडतात. वाडी, सेडम येथील सिमेंटचे कारखाने, कलबुर्गीच्या डाळमिला, बिदरजवळचे कोळार औद्योगिक क्षेत्र, सहकारी बँका, पंचायतींच्या कचेऱ्या अशी ठिकाणे घराजवळ आहेत. महाविद्यालयाची संमती मात्र हवी. आयोगाच्या सूचनांत घरी बसून संगणकावर करावयाच्या कामासही जागा आहे. वेळेचाही विचार करावा. साखर कारखान्याचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात थांबते; मेच्या सुटीत गेलेल्या मुलास यंत्रांची दुरुस्ती दिसेल, साखर होताना दिसणार नाही.

शेवटी सभासदांस एक विनंती. आपल्यापैकी कोणाची डाळमिल आहे, कोणाचे औषधांचे दुकान, कोणाची हिशेबाची कचेरी, कोणाचे छापखाने. वर्षातून एका-दोघा विद्यार्थ्यांस आपल्याकडे काम शिकू द्यावे. त्यांस नुसते बसवून ठेवू नये अथवा चहा आणावयास धाडू नये. खरे काम द्यावे, हजेरी ठेवावी, वेळेवर सही करावी. आणि विद्यार्थी दारात आला, की काम सांगण्यापूर्वी त्यास एवढे विचारावे : बाळ, महाविद्यालयाचे पत्र आणले आहेस ना, आणि अर्जात विषय भरला आहेस ना? उत्तर नाही असे आले, तर त्यास त्याच दिवशी परत पाठवावे. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल, पण त्याचे वर्ष वाया जाता कामा नये.